बिनतारखेचा राजीनामा

सरपंच झाले त्याच दिवशी मी राजीनामाही लिहून दिला. गुलाल अजून कानामागं होता, फटाक्यांचा धूर ग्रामपंचायतीच्या व्हरांड्यातून पुरता गेला नव्हता, आणि खंडूआप्पांनी मला आतल्या खोलीत बोलावून एक कोरा कागद पुढं सरकवला.

"लिही पोरी," ते म्हणाले. "घरगुती अडचणीमुळं सरपंचपदाचा राजीनामा देत हाय. खाली सही कर. तारखेची जागा मोकळी सोड."

"आणि तारीख?"

"ती मी घालीन."

मी लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे, रागात असले की आणखी चांगलं येतं. आप्पांनी कागदाची घडी करून सदऱ्याच्या आतल्या खिशात टाकली आणि बाहेर जाऊन ओरडले, "आरं, सरपंचबाईला हार घाला की!"

आमच्याकडं ही रीत जुनी आहे. पॅनेल एकाचं असतं, सरपंच दुसरा होतो आणि पॅनेलवाला त्याचा बिनतारखेचा राजीनामा आपल्या पेटीत ठेवतो. सरपंच सरळ चालला तर कागद पेटीतच राहतो. वाकडा चालला, किंवा पॅनेलातल्या दुसऱ्या कुणाचा खुर्चीसाठी जीव वरखाली व्हायला लागला, की तारीख पडते आणि कागद पंचायत समितीत जातो. माझ्याआधी आप्पांनी तीन सरपंच असे केले होते आणि तिघांच्याही कागदांवर तारखा घातल्या होत्या. स्वतः ते कधीच सरपंच झाले नाहीत. तीस वर्षं नुसते सभासद.

गावाचं नाव सांगत नाही. शिरूर तालुका, भीमेचा काठ, वडगाव रासाईपासून फार लांब नाही, एवढं पुरे. मी इथल्या बौद्ध वस्तीची सून. माहेर दौंड तालुक्यातलं राहू गाव. नवरा एमआयडीसीत शिफ्टला. सरपंचपद अनुसूचित जातीच्या महिलेसाठी राखीव निघालं, आणि तेव्हा सरपंच सभासदांतून निवडायचे, म्हणून आप्पा आमच्या दारात आले. तसे ते दर निवडणुकीला यायचेच. त्या महिन्यात त्यांचा जय भीम आमच्यापेक्षा मोठा असायचा. माझ्या सासूबाईंना, आत्याबाईंना, तो कधी पचला नाही.

"बाहुली केली तुझी त्या म्हाताऱ्यानं," राजीनाम्याचं ऐकून त्या म्हणाल्या. आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या वस्तीला ते कळलं, कारण सांगत फिरले मीच. माझं तोंड कुठं थांबतं? ही गोष्ट पुढं आप्पांना किती महाग पडणार होती, ते तेव्हा मला कळायचं कारण नव्हतं.

आप्पांचे वडील मेंढरं घेऊन कोकणापर्यंत जायचे. आप्पांच्या वेळेपर्यंत घर शेतीत स्थिरावलं होतं. ऊस होता, ट्रॅक्टर होता, तरी गोठ्याच्या कडेला दहा-बारा मेंढरं असायचीच. त्यांच्या आवाजाशिवाय झोप लागत नाही म्हणायचे. तुम्ही स्वतः सरपंच का झाला नाहीत, असं मी एकदा विचारलं तर मेंढरांकडं हात करून म्हणाले, "कळप मागनं हाकायचा असतो. म्होरं चाललं की मागचं काय करतंय त्ये दिसत न्हाई." त्यात मीही मेंढरांत जमा झाले, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. मी तोंडावर सांगितलं तेव्हा मात्र पोट धरून हसले.

मुलानं, बाळासाहेबांनी, घेऊन दिलेला मोबाइल फडताळात पडून असायचा. फोनवर माणूस खोटं बोलतंय का खरं ते कळत नाही, अशी त्यांची तक्रार. कुणालाही भेटले की पहिला प्रश्न, "लेक कुठं दिली?" सगळ्या गावाच्या लेकी कुठल्या गावात नांदतात, जावई काय करतो, व्याही कुठल्या स्वभावाचा आहे, हे त्यांना पाठ. मला वाटायचं म्हातारपणाची चौकशी आहे. मग एकदा बांधाच्या भांडणातून एका शेतकऱ्यानं शाळेचा रस्ता अडवला. मोजणी झाली, तलाठी येऊन गेला, गावातली वजनदार माणसं समजावून थकली. आप्पा त्याच्या दाराकडं फिरकलेच नाहीत. बस धरून ते वरवंडला गेले, त्याच्या लेकीच्या सासरी चहा प्यायले आणि परत आले. रविवारी वरवंडहून व्याही मोटारसायकलवर आला आणि सोमवारी रस्ता मोकळा. "मत घरात नसतं पोरी," आप्पा म्हणाले, "सोयऱ्यात असतं."

दुसरी त्यांची जागा म्हणजे दहावा. आमच्या भागात दहाव्याला पुढारी येतात हे सांगायला नको. घाटावर पिंडाला कावळा शिवायची वाट बघत माणसं बसलेली असतात आणि तोवर माइकवरून श्रद्धांजलीची भाषणं चालतात. तालुक्याचा पुढारी सकाळी सातला एका गावाला, आठला दुसऱ्या, साडेआठला तिसऱ्या. जो दहाव्याला दिसत नाही तो मतमोजणीतही दिसत नाही, असं म्हणतात. आप्पा एकही दहावा चुकवायचे नाहीत, पण भाषण कधी करायचे नाहीत. मागं चपलांपाशी उभे राहायचे.

फक्त एकदा मी त्यांना माइक घेताना पाहिलं. आमच्या गावातल्या दोन भावांपैकी धाकटा वारला होता, थोरला रामभाऊ डोकं भादरून पिंडापाशी बसला होता. तालुक्याचे एक साहेब दोन घाट उरकून घामाघूम येऊन पोचले आणि त्यांनी सुरुवातच केली, "कैलासवासी रामभाऊ हे माझे जवळचे सहकारी होते." घाटावर कुजबुज सुरू झाली. रामभाऊ वर बघायला लागला. साहेबांना चूक कळेना, पण काहीतरी बिघडलंय एवढं कळलं आणि त्यांचे शब्दच आटले. तेव्हा आप्पा चपलांमधून वाट काढत पुढं आले.

"सायेब बरुबर बोलले," माइक हातात घेऊन ते म्हणाले. "धाकटा भाऊ गेला तवा थोरला अर्धा गेलाच. आता उरलेल्या अर्ध्यानं दोन शब्द बोलावं."

आणि रामभाऊ, जो दहा दिवस कुणाशी बोलला नव्हता, तो उठून बोलला. लहानपणी दोघं एकाच घोंगड्यात कसे झोपायचे ते सांगायला लागला. बायका रडल्या, साहेब रडले, मी रडले. नंतर गाडीपाशी साहेबांनी आप्पांचा हात धरला आणि काही काम असलं तर सांगा म्हणाले. "काम काय न्हाई. फुडल्या टायमाला चिठ्ठी वाचून बोला," आप्पा म्हणाले. त्या दिवसापासून साहेबांच्या दारात आप्पांना कधी थांबावं लागलं नाही. आमच्या वस्तीच्या नळपाण्याची पाइपलाइन मंजूर झाली तीही आप्पा तिथं दोन वेळा जाऊन बसले म्हणून. ते चांगुलपणानं वागले की राजकारणानं, हे मला तेव्हाही ठरवता आलं नाही. बहुतेक त्यांनाही ते वेगळं करता येत नसावं.

माझा राग मात्र जात नव्हता, आणि गंमत अशी की ज्या माणसानं मला बाहुली म्हणून बसवलं तोच मला शिकवत होता. पहिल्या ग्रामसभेत लोकांनी मला दोन तास झोडपलं. मीही वाघिणीसारखी उलट बोलले. आप्पा नंतर म्हणाले, "जो मोठ्यानं बोलतो त्याला पाणी द्यायचं. आन् जो गप बसलाय त्याच्याकडं बघायचं. दुखणं त्याच्यापाशी असतंय." आणखी एकदा म्हणाले, "व्हय म्हणायचं असंल तर हापिसात म्हण. न्हाई म्हणायचं असंल तर त्याच्या घरी जाऊन म्हण." मी हसले, पण करून बघितलं. एकाचं अतिक्रमण काढायचं होतं. नोटीस पाठवायच्या आदल्या दिवशी त्याच्या घरी गेले, ओट्यावर बसले, पोह्यांची बशी संपवली आणि सांगितलं की नियमात बसत नाही. तो चिडला, पण भिंत त्यानं स्वतःच्या हातानं काढली. आजही तो रस्त्यात दिसला की थांबतो. हे शहाणपण मला कुठल्या प्रशिक्षणात मिळालं नाही.

सव्वा वर्ष असं गेलं आणि पाइपलाइनचं काम सुरू व्हायची वेळ आली. आमच्या वस्तीतल्या बायका तेव्हा हंडे घेऊन विहिरीवर जायच्या. आत्याबाईंचे गुडघे त्याच वाटेवर गेले. बाळासाहेबांनी तेव्हा हायवेकडच्या अंगाला प्लॉटिंग टाकलं होतं. त्यांचं म्हणणं असं की लाइन आधी तिकडून न्यावी, वस्तीला पुढच्या टप्प्यात बघू. त्यासाठी ठराव पाहिजे होता आणि ठरावावर माझी सही. पुढचा टप्पा म्हणजे काय ते आम्हाला दोन पिढ्यांपासून माहीत आहे. मी त्यांच्या घरी गेले. आप्पा ओट्यावर मेंढराची लोकर कातरत होते, त्यांच्यासमोरच मी बाळासाहेबांना नाही म्हणून सांगितलं. चहा आला, तो प्यायले आणि घरी आले.

आठवड्यानं आप्पांचा निरोप आला. सकाळी घरी ये. मला कळलं. सरपंच बाई असली तर तिला अविश्वास ठरावानं खाली ओढायला सभासदांचं तीन चतुर्थांश बहुमत लागतं आणि आप्पांशिवाय बाळासाहेबांकडं ते भरत नव्हतं. पण ठराव कशाला पाहिजे होता? माझ्या हातचा कागद होता ना पेटीत. आत्याबाई म्हणाल्या, "जा. पण रडू नको त्यांच्यापुढं." ऑफिसात न बोलावता घरी बोलावलंय म्हणजे नाहीच ऐकायचं आहे, एवढं आप्पांचं शिक्षण मला पक्कं झालं होतं. वाटेत मी विहिरीवरच्या बायकांकडं बघितलं नाही.

खोलीत आम्ही तिघंच होतो. आप्पा, बाळासाहेब आणि मी. आप्पांनी पेटी उघडली, कागद काढला, मांडीवर ठेवून हातानं घडी मोडली.

"अक्षर तुझंच ना?"

"माझंच आहे."

"म्या काय म्हणलो व्हतो तवा?"

"तारीख तुम्ही घालणार."

"व्हय." त्यांनी बाळासाहेबांच्या खिशातलं पेन मागून घेतलं. "आपली मुदत कवा संपती, पाच वर्साची?"

मी तारीख सांगितली. आप्पा चौथीपर्यंत शिकलेले. एकेक आकडा कोरत त्यांनी ती तारीख, माझ्या मुदतीच्या शेवटच्या दिवसाची, मोकळ्या जागेत घातली. आकड्यांवर फुंकर मारली आणि कागद मुलापुढं धरला.

"घे. त्या दिशी नेऊन दे."

बाळासाहेब कागदाकडं बघतच राहिले. "आप्पा, काय केलं ह्ये? तीन जणांना तुम्हीच काढलं, आन् आता हिच्यापायी..."

"तिघांच्या तारखा म्याच घातल्या. तिघंबी त्या वक्ताला माझ्या पाया पडत व्हती. बरं वाटायचं मला, खोटं कशाला बोलू." आप्पांनी पेटी बंद केली. "ही तुला न्हाई म्हणाया तुझ्या दारात आली. पळून न्हाई गेली, मागनं न्हाई बोलली. म्या शिकवल्यालं तिनं केलं, आन् म्याच तिला उठवू व्हय? मंग माझं कोन ऐकंल?"

बाळासाहेब उठून गेले. मी रडायचं नाही असं ठरवून आले होते, ते जमलं नाही. आप्पांनी मला रडू दिलं. मग म्हणाले, "एक कबूल कर. ह्या खोलीतलं बाहीर जाता कामा नये. पोराची फजिती झाली तर गावात त्ये परत उभं ऱ्हायचं न्हाई. त्याला अजून राजकारण करायचंय."

मी कबूल केलं. आयुष्यात इतकं मोठं गुपित मी कधी पोटात ठेवलं नव्हतं.

आप्पांनी ते कशासाठी केलं याचा मी पुष्कळ विचार केला आहे. शब्दाला जागणं होतं, आपलं वजन मुलाच्या हाती जाऊ न देणं होतं, आणि विहिरीवरच्या हंड्यांचीही त्यांना लाज वाटली असणार. सगळं थोडं थोडं असेल. मला त्याचं मोजमाप करायचं नाही. मी पाच वर्षं सरपंच राहिले, ती त्यांच्यामुळं. माझा आवाज मला सापडला, तो त्यांच्यामुळं. हे आता मी कुठंही उभी राहून सांगेन.

आप्पांचं घर मात्र फुटलं. बाळासाहेबांनी चूल वेगळी केली आणि हळूहळू पॅनेलही आपल्याकडं ओढलं. आप्पांच्या ओट्यावरची गर्दी कमी झाली. जी माणसं रोज सकाळी चहाला असायची ती रस्त्याच्या पलीकडून रामराम करून जायला लागली.

मुदत संपायला चार-पाच महिने असताना वस्तीत पाणी आलं. पहिला नळ आप्पांच्या हातानं सोडायचा असं माझ्या मनात होतं. मी सांगायला गेले तर मेंढरांना पाला टाकता टाकता ते म्हणाले, "मी न्हाई यायचा."

"का पण?"

"ज्याच्या हातनं पाणी सुटतं, त्याचंच त्ये ऱ्हातं. तीस वर्सं ह्येच केलं म्या. गावातला एकबी नळ दुसऱ्याला सोडू दिला न्हाई." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "ह्ये पाणी तुझं हाय. तुझ्या सासूच्या हातनं सोड."

"तुमची निवडणूक तोंडावर आली आहे, आप्पा. वस्ती तुमच्याच वॉर्डात आहे."

"म्हाईत हाय की," ते म्हणाले आणि पाला टाकत राहिले.

आत्याबाईंनी नळ सोडला. विहारात पेढे वाटले. बायकांनी माझ्या अंगावर पाणी उडवलं. आप्पा आले नाहीत हे सगळ्यांनी बघितलं, आणि प्रत्येकानं त्याचा आपापल्या परीनं अर्थ लावला. पोटात दुखलं असेल म्हाताऱ्याच्या, असं कुणीतरी म्हणालं. मी पेढा तोंडात धरून उभी राहिले.

मग निवडणूक लागली. खुर्चीचं आरक्षण बदललं, मी उभी राहिले नाही. बाळासाहेबांचं पॅनेल जोरात होतं आणि आप्पा आमच्या वॉर्डातून एकटे उभे होते, मुलाच्या उमेदवाराविरुद्ध. मी वस्तीत घरोघर गेले, आप्पांना मत द्या म्हणून हात जोडले. बायका मलाच समजवायच्या, तू भोळी आहेस, ज्यानं पहिल्या दिवशी तुझा राजीनामा लिहून घेतला त्याच्यासाठी मतं मागतेस? राजीनाम्याचं त्यांना मीच सांगितलं होतं. तारखेचं सांगायची मला बंदी होती. एकदा तर शब्द ओठांपर्यंत आला होता, आणि मी तो गिळला. आप्पा सात मतांनी पडले. तीस वर्षांत पहिल्यांदा.

आप्पा गेल्या थंडीत गेले. बाळासाहेब आता इतके मोठे झालेत की असल्या गोष्टीनं त्यांचा केसही वाकडा होणार नाही. म्हणून माझा शब्द मी आज मोडते आहे. वस्तीनं हे वाचावं, आत्याबाईंनीही ऐकावं.

आप्पांना मी शेवटचं नीट पाहिलं ते निकालाच्या दुसऱ्या दिवशी. सकाळी निवडून आलेले डीजे लावून आभार मानून गेले होते. दुपारी कुत्री भुंकली म्हणून बाहेर आले, तर उन्हातून आप्पा एकटेच येत होते. धुतलेला सदरा, टोपी, हातात काठी. प्रत्येक दारापुढं थांबून हात जोडत होते.

"पडलेला माणूस कसले आभार मानतो ओ आप्पा?" शेजारणीनं विचारलं.

"मतं पडल्यात की मला. कुणी दिली त्ये म्हाईत न्हाई, म्हणून समद्यांचे मानतो."

आमच्या दारात आले तेव्हा आत्याबाई ओट्यावर बसल्या होत्या. आप्पांनी हात जोडले आणि प्यायला पाणी मागितलं. आत्याबाई गुडघ्यावर हात ठेवून उठल्या, दारातल्या नळाखाली तांब्या भरला आणि त्यांच्या हातात दिला. आप्पा जवळजवळ सगळा तांब्या प्यायले. तळाशी राहिलेलं घोटभर पाणी त्यांनी डोळ्यांना लावलं.

"पाणी चांगलं आणलंय तुमच्या सुनेनं," ते म्हणाले.

"व्हय तर," आत्याबाई ताठ होत म्हणाल्या. "लई जणांनी आडीवलं, तरी आणलं तिनं. कागद लिहून घेतला व्हता तिच्याकडनं. आमच्या ध्यानात हाय त्ये."

मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. माझं तोंड उघडलं. आप्पांनी माझ्याकडं बघितलं आणि कुणाला दिसणार नाही इतकी मान हलवली.

"व्हय," ते आत्याबाईंना म्हणाले. "घेतला व्हता."

तांब्या ओट्याच्या कडेला ठेवून त्यांनी पुन्हा एकदा हात जोडले आणि शेजारच्या दाराकडं गेले.